महादेवभाईंच्या वह्या आणि आपली हार्ड डिस्क

जुन्या संगणकातली हार्ड डिस्क किती वर्षे भरवशाची, हा प्रश्न खरे तर संगणक दुरुस्त करणाऱ्याला विचारायचा. पण तो आता आमच्या ओपीडीतही येऊ लागला आहे. छातीत दुखते म्हणून एखादे आजोबा येतात. आजच्या ईसीजीत थोडा फरक दिसतो. हा फरक आजचा की दहा वर्षांपूर्वीचा, हे जुना ईसीजी शेजारी ठेवला तर लगेच कळते. तो मागितला की मुलगा सांगतो, सगळे कागद स्कॅन करून संगणकात ठेवले, मूळ कागद टाकून दिले आणि तो संगणक आता सुरूच होत नाही. अशा वेळी हरवलेला असतो तो नुसता कागद नव्हे, तर डॉक्टरच्या निर्णयाचा एक आधार.

आठवण कशावर साठवावी, ती किती टिकते आणि साठवणाराच अचानक गेला तर मागे काय उरते, हे समजून घ्यायला फार लांब जायला नको. वर्धा जिल्ह्यात एका माणसाने आयुष्याची अखेरची वर्षे याच कामात घालवली. ते म्हणजे गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई. सेवाग्राम आश्रमात बापू कुटी पाहायला जाणारे बहुतेक जण महादेव कुटीपाशी फारसे थांबत नाहीत. थांबावे असे ते आयुष्य आहे.

बँकेतली नोकरी सोडून

महादेवभाईंचा जन्म १ जानेवारी १८९२ रोजी सुरत जिल्ह्यातल्या सरस या गावी झाला. वडील हरिभाई शाळामास्तर. आई जमनाबेन महादेव सात वर्षांचा असतानाच वारल्या. सुरतेत शालेय शिक्षण झाल्यावर त्यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतली आणि पुढे कायद्याची परीक्षा दिली. काही काळ सहकारी बँकेत निरीक्षक म्हणून नोकरी केली. गावोगाव फिरून पतपेढ्यांचे हिशेब तपासायचे, नोंदी जुळवायच्या, असे ते काम होते. नोंद चुकली तर माणसाचे नुकसान होते, हे त्यांना तिथे रोज दिसत असणार.

भाषांतराची त्यांना पहिल्यापासून आवड होती. जॉन मोर्ले या इंग्रज लेखकाच्या एका पुस्तकाचे त्यांनी गुजरातीत भाषांतर केले आणि त्याला पारितोषिकही मिळाले. गांधीजींशी ओळख १९१५ मध्ये झाली. दोन वर्षांनी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, पत्नी दुर्गाबेन यांच्यासह ते गांधीजींच्या कामात दाखल झाले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

१३ नोव्हेंबर १९१७ पासून त्यांनी डायरी लिहायला घेतली. ती स्वतःची दैनंदिनी नव्हती. गांधीजी कोणाला भेटले, काय बोलले, कोणते पत्र कोणाला गेले, कशावर हसले आणि कशावर चिडले, हे सारे त्यात आहे. लिहिणारा मात्र फार थोडा दिसतो. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गात, सभेच्या गर्दीत, तुरुंगात, जिथे असतील तिथे हे लेखन चालू राहिले. ही नोंद जवळजवळ पंचवीस वर्षांची आहे. शेवटची तारीख आहे १४ ऑगस्ट १९४२.

एक साधन हातातून गेले तर दुसरे धरायचे, ही त्यांची रीत १९२१ मध्येच दिसली होती. अलाहाबादला मोतीलाल नेहरूंच्या इंडिपेंडंट या दैनिकाचे काम ते पाहत होते. सरकारच्या कारवाईमुळे छापखाना बंद पडला, तेव्हा महादेवभाईंनी मजकूर हाताने लिहून सायक्लोस्टाइलवर त्याच्या प्रती काढल्या. छपाईयंत्र जप्त करता येते, पण शेकडो हातांत पोचलेल्या प्रती जप्त करणे अवघड असते. त्याबद्दल त्यांना एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

मगनवाडी ते सेगाव

गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले आणि मगनवाडीत राहू लागले. ३० एप्रिल १९३६ रोजी ते सेगावला गेले. याच गावाचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. गांधीजी सेगावला गेले तरी महादेवभाईंचे बिऱ्हाड मगनवाडीतच होते. त्यामुळे टपाल आणि कागदपत्रे घेऊन ते रोज पायी सेगावला जात आणि पायीच परतत. अंतर एका बाजूने सुमारे आठ किलोमीटर. काही दिवशी दोनदा खेप पडे. वर्ध्याचा मे महिना ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना या चालण्याचा अर्थ सांगायला नको. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल वेगळाच. घरी परतल्यावर हरिजन साप्ताहिकासाठी लेख, भाषांतरे, पत्रांची उत्तरे आणि डायरी असायचीच. सुटी हा प्रकार नव्हता.

चालणे हृदयाला चांगले, असे आम्ही डॉक्टर सांगतो आणि ते खरेच आहे. पण तळपत्या उन्हात, अपुऱ्या झोपेवर आणि मनावर सतत ताण घेऊन वर्षानुवर्षे केलेली पायपीट म्हणजे व्यायाम नव्हे. १९३८ मध्ये महादेवभाईंची प्रकृती ढासळली. रक्तदाब वाढलेला होता आणि त्यांना कामातून विश्रांती घ्यावी लागली. नंतर ते सेवाग्रामलाच राहायला आले. आजची महादेव कुटी ती हीच.

त्या काळी उच्च रक्तदाबावर डॉक्टरांच्या हातात फारसे काही नव्हते. विश्रांती, मीठ कमी, झोपेची औषधे, एवढेच. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, असे भारतीय डॉक्टरांनी १९३१ मध्ये लिहून ठेवले होते, पण त्याचा जगभर वापर व्हायला आणखी वीस वर्षे गेली. लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढणाऱ्या, रोज घेता येतील अशा गोळ्या १९५० च्या दशकाच्या शेवटी आल्या. खुद्द गांधीजींचाही रक्तदाब वाढलेला असे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये त्यांच्या आरोग्याच्या जुन्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यात २६ ऑक्टोबर १९३७ ची नोंद १९४/१३० आणि १९ फेब्रुवारी १९४० ची २२०/११० अशी आहे. कोणी तरी कागदावर लिहून ठेवलेले हे आकडे ऐंशी वर्षांनंतरही वाचता येतात.

याच्या नेमके उलटे उदाहरण अमेरिकेचे आहे. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने वारले. त्यांचाही रक्तदाब फार वाढलेला होता. त्यांच्या उपचारांची फाइल नौदलाच्या रुग्णालयात होती. मृत्यूनंतर ती सापडलीच नाही. त्यांच्या आजाराविषयी आज जे काही नेमके माहीत आहे, त्यातले बरेचसे त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हॉवर्ड ब्रूएन यांनी जपलेल्या टिपणांवरून. ती त्यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केली. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या अध्यक्षाची फाइल हरवू शकते, तर आपली का नाही?

डिस्कच्या आत काय चालते

आता हार्ड डिस्ककडे येऊ. पहिली हार्ड डिस्क १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने आणली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि सारे मिळून जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या लाखो पट मजकूर बसतो. आतली रचना मात्र मूळची तीच आहे. चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेतात. मजकूर वाचणारी सुई तबकडीला न टेकता तिच्यावर तरंगते. त्या दोघींमधली फट इतकी बारीक असते की धुळीचा कण तिथे डोंगरासारखा ठरावा. चालू असताना धक्का बसला आणि सुई तबकडीला घासली, तर त्या जागचा मजकूर गेलाच.

डिस्क बनवणाऱ्या कंपन्या खोक्यावर सरासरी दहा लाख तासांचे आयुष्य लिहितात. हिशेब केला तर ही ११४ वर्षे होतात. हा आकडा एका डिस्कचे वय नाही. तिशीतल्या हजार लोकांपैकी वर्षाला एखादा दगावतो, म्हणून तिशीतला माणूस हजार वर्षे जगेल असे आपण म्हणत नाही. हेही तसेच आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. कंपन्यांच्या हिशेबाने वर्षाला शंभरात एकही डिस्क बिघडायला नको होती. प्रत्यक्षात शंभरात दोन ते चार बदलाव्या लागत होत्या. काही ठिकाणी तर तेरापर्यंत. वय वाढते तसे हे प्रमाणही वाढत जाते, असे त्यांना आढळले. पहिली पाच वर्षे निर्धास्त राहावे, असा काळ कुठेच दिसला नाही.

डॉक्टरला अधिक विचारात पाडणारा अभ्यास त्याच वर्षी गुगलने प्रसिद्ध केला. त्यांनीही एक लाखाहून अधिक डिस्क पाहिल्या. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते: किती जागा वाचता आल्या नाहीत, किती जागा बदलाव्या लागल्या वगैरे. आपल्या रक्तदाब आणि साखरेच्या नोंदीसारखेच ते असते. यातले चार इशारे सर्वांत भरवशाचे. इशारा दिसलेली डिस्क लवकर बंद पडण्याची शक्यता खूप वाढते, हे खरे ठरले. पण बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये या चारपैकी एकही इशारा आधी दिसला नव्हता.

थोडक्यात, इशारा दिसला तर तो गंभीरपणे घ्यायचा. पण दिसला नाही म्हणून निश्चिंत राहायचे नाही. हृदयविकारातही हेच आहे. बऱ्याच रुग्णांत रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला असतो आणि काहीही त्रास होत नाही. काहींच्या बाबतीत तर हृदयविकाराचे पहिले लक्षणच अचानक मृत्यू हे असते.

आगाखान पॅलेसमधले सहा दिवस

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत गांधीजींना अटक झाली. त्यांच्यासोबत महादेवभाईंनाही पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये आणण्यात आले. गांधीजी तुरुंगात आमरण उपोषण सुरू करतील, ही धास्ती त्यांच्या मनात घर करून होती. प्रकृती बिघडल्याला चार वर्षे झाली होती. मधल्या काळात काम कमी झाले नव्हते, वाढलेच होते.

१५ ऑगस्टच्या सकाळी तुरुंग खात्याचे अधिकारी कर्नल भंडारी आले होते. गप्पा चालू असताना महादेवभाईंना भोवळ आली आणि ते कोसळले. तरुण डॉक्टर सुशीला नायर तिथेच स्थानबद्ध होत्या. त्या धावत आल्या, हाताशी होती ती औषधे दिली, पण नाडी परत लागली नाही. महादेवभाई पन्नास वर्षांचे होते. छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याची पद्धत तेव्हा रूढ नव्हती, विजेचा झटका देणारे यंत्र नव्हते, हृदयरोग्यांसाठीचा अतिदक्षता विभाग ही कल्पनाही जन्माला यायची होती. गांधीजींनी स्वतःच्या हातांनी त्यांना अंघोळ घातली. पॅलेसच्या आवारातच अग्निसंस्कार झाला. दीड वर्षाने शेजारीच कस्तुरबांवर अंत्यसंस्कार झाले. त्या दोन समाध्या आजही तिथे आहेत.

त्या सकाळी हतबल झालेल्या डॉ. सुशीला नायर यांनी पुढे सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय उभे केले आणि १९६९ मध्ये तिथे देशातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. वर्धा जिल्ह्यातले किती तरी रक्तदाबाचे आणि हृदयाचे रुग्ण आज तिथे उपचार घेतात.

मागे काय उरले

गांधीजींच्या आयुष्यातल्या पंचवीस वर्षांची आठवण ज्या माणसात साठली होती, तो माणूस क्षणात गेला. डोक्यात होते आणि लिहायचे राहिले होते, ते कायमचे गेले. जे कागदावर उतरले होते, ते मात्र राहिले. त्यांचे स्नेही नरहरी परीख यांनी डायऱ्यांचे संपादन हाती घेतले आणि पहिला खंड १९४८ मध्ये निघाला. परीख यांच्यानंतर चंदुलाल दलाल यांनी ते काम पुढे नेले. गुजरातीत वीसहून अधिक खंड झाले. साहित्य अकादमीने १९५५ चा गुजराती पुरस्कार याच डायरीला दिला. बेळगावच्या तुरुंगात महादेवभाईंनी लिहिलेले गीतेवरचे इंग्रजी पुस्तकही त्यांच्या मृत्यूनंतर, १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले.

सचिवाचे काम खंडित झाले नाही, कारण प्यारेलाल पूर्वीपासून बरोबरीने काम करत होते. गांधीजींच्या आत्मकथेचे इंग्रजी भाषांतर महादेवभाईंचे म्हणून ओळखले जाते, पण त्यातली शेवटच्या भागातली काही प्रकरणे प्यारेलाल यांची आहेत. एक हात थांबला तर दुसरा लिहू शकेल, अशी सोय आधीच झालेली होती.

या कथेला संगणकाच्या काळातला एक उपसंहारही आहे. गांधीजींचे समग्र लेखन इंग्रजीत १०० खंडांत १९५८ ते १९९४ या काळात छापले गेले. त्यात महादेवभाईंच्या डायरीचाही आधार घेतलेला आहे. पुढे या खंडांची सुधारित आवृत्ती निघाली, तिची सीडीही आली. अभ्यासकांना तिच्यात काही नोंदी गाळलेल्या आढळल्या. हे कळले कशामुळे? जुने छापील खंड ग्रंथालयांत शाबूत होते आणि शेजारी ठेवून ताडून पाहता आले म्हणून. २००५ मध्ये सरकारने ती सुधारित आवृत्ती मागे घेतली. जुने खंड रद्दीत गेले असते, तर ही गळती कदाचित कळलीही नसती.

कागद चांगला आणि संगणक वाईट, असा याचा अर्थ नाही. कागदाला वाळवी लागते, पूर येतो, आग लागते. महादेवभाईंच्या वह्या टिकल्या त्या केवळ कागदाच्या गुणाने नव्हेत. कोणी तरी त्या उघडल्या, वाचल्या, उतरवल्या आणि हजारो प्रतींत घरोघरी पोचवल्या, म्हणून त्यांतला मजकूर टिकला. एकाच ठिकाणी ठेवलेली गोष्ट, मग ती वही असो, डिस्क असो की माणसाचे डोके, भरवशाची नसते.

आपण काय करावे

घरातली पाच वर्षांहून जुनी डिस्क अजून चालत असेल, तर ती चालते आहे तोवरच तिच्यातला मजकूर दुसरीकडे उतरवून घ्या. महत्त्वाच्या गोष्टींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक तरी दुसऱ्या घरी किंवा इंटरनेटवरील सुरक्षित साठवणीत असावी. कपाटात बंद ठेवलेली डिस्कही म्हातारी होते. वर्षानुवर्षे न फिरलेली मोटर कधी कधी सुरूच होत नाही. पेन ड्राइव्ह आणि नव्या पद्धतीच्या एसएसडीमध्ये विजेच्या भाराच्या रूपाने मजकूर असतो. वीज न मिळता बराच काळ पडून राहिल्यास तो हळूहळू विरू शकतो. म्हणून वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून पाहावी. न उघडलेली प्रत आहे की नाही, हे सांगता येत नाही. डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला तर ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. बंद करून जाणकाराकडे न्या.

दवाखान्याच्या कागदांबाबत आणखी थोडे. ईसीजी आणि सोनोग्राफीचे कागद बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या छपाईचे असतात. ऊन, उकाडा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीमुळे ते फिके पडतात. गरम करून लॅमिनेशन केले तर पूर्ण काळे होतात, तेव्हा ते करूच नका. त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर स्वच्छ फोटो घ्या. डिस्चार्ज कार्ड, शेवटचा ईसीजी, चालू गोळ्यांची यादी, ज्या औषधाची ॲलर्जी आहे त्याचे नाव आणि रक्तदाबाच्या नोंदी एका फाइलमध्ये ठेवा. ती फाइल कुठे आहे, हे घरातल्या किमान दोघांना माहीत असू द्या. सारे काही एकट्या आईला किंवा एकट्या मुलालाच ठाऊक असेल, तर तीही एकच प्रत झाली.

आणि तिशीनंतर काहीही त्रास नसला तरी वर्षातून एकदा रक्तदाब मोजून घ्या. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तो मोफत मोजतात, पाच मिनिटे लागतात. महादेवभाईंना रक्तदाब असल्याचे कळले होते. त्यावरच्या गोळ्या तेवढ्या नव्हत्या. आज त्या सरकारी दवाखान्यात मिळतात. कमी पडते ते मोजून घेणे आणि गोळ्या न चुकता घेणे. येत्या रविवारी या दोन कामांसाठी एक तास काढा: घरातल्या मोठ्यांचा रक्तदाब मोजून वहीत तारखेसह लिहा, आणि त्या जुन्या डिस्कमधले कागद दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्या.